विमानाचा पार्ट बनवायचाय? आधी मालक कोण ते विचारा

आमच्या वडिलांचा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक जुना लेथ होता. "नमुना दाखवा, नग काढून देतो" हे वाक्य मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलोय. पंपाचा शाफ्ट, ऑइल इंजिनचा बुश (भोकात बसणारी धातूची नळी), गुऱ्हाळाच्या चरकाची पिन... सकाळी तुटका तुकडा आणायचा, संध्याकाळी नवा घेऊन जायचा. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथं हा आत्मविश्वास नसता तरच नवल.

पुढं मी विमान देखभालीत आलो. पहिल्याच वर्षी ट्रेनर विमानाच्या पुढच्या चाकाच्या टॉर्क लिंकचा, म्हणजे चाक सरळ धरणाऱ्या जोडाचा, एक बुश झिजला होता. लिंक ढिली झाली की धावपट्टीवर पुढचं चाक थरथरायला लागतं, त्याला शिमी म्हणतात. नवा बुश यायला वेळ लागणार होता. मी सुट्टीत घरी आलो, वडिलांच्या लेथवर गनमेटलचा बुश काढला, आरशासारखा पॉलिश केला आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी मायक्रोमीटर लावला. माप अर्ध्या थाऊनंही (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चुकलं नव्हतं. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. कुठल्या ड्रॉइंगवरून? कुठल्या धातूचा, कशावरून? कुणाच्या अधिकारात? पहिल्याचं उत्तर होतं "जुन्या बुशवरून." दुसऱ्याचं होतं "गनमेटल आहे, घरात पडून होतं." तिसऱ्याला मी गप्प. बुश कचऱ्याच्या डब्यात गेला.

पुढं जे लिहितोय ते या तीन प्रश्नांची उत्तरं देता यावीत म्हणून. शिरोलीत, गोकुळ शिरगावात मशीनवर उभी राहणारी पोरं, एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, कोर्स नुकताच संपवलेली मुलं-मुली, आणि छोटं विमान घ्यायचा विचार करणारे काही हौशी लोक, असे तीन प्रकारचे वाचक डोळ्यांपुढं आहेत. मोठ्या एअरलाइन विमानांचं जग वेगळं आहे, त्यात इथं शिरत नाही.

पहिली पायरी: विमानाच्या अंगावरची अक्षरं वाचा

हे सगळ्यात सोपं काम आणि सगळ्यात जास्त जण हेच विसरतात. विमान आपल्या विमानतळावर उजळाईवाडीला उभं आहे की टेक्सासात, याला महत्त्व नाही. त्याची नोंदणी कुठल्या देशाची, याला आहे. 'व्हीटी' असेल तर भारत, म्हणजे आपली नियामक संस्था डीजीसीए. 'एन' असेल तर अमेरिका, म्हणजे तिथली नियामक संस्था एफएए. पार्ट कुणी बनवावा, कुणी बसवावा, सही कुणाची चालेल हे त्या अक्षरांवरून ठरतं.

हे एवढं ठासून सांगायचं कारण म्हणजे आजकाल शिकणारा प्रत्येक जण अमेरिकन व्हिडिओ बघतो. त्यात एखादा दाढीवाला माणूस गॅरेजमध्ये पत्रा वाकवतो, स्वतःच्या सेसनाला बसवतो, मेकॅनिक लॉगबुकात सही करतो, झालं. ते तिथं कायदेशीर असू शकतं. पण तेच काम व्हीटी विमानावर केलंत तर ते विमान उडण्यायोग्य राहिलंय का, हाच प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आलाय, त्याखाली १९३७ चे विमान नियम आहेत, आणि रोजच्या कामात हाताशी लागतात ते डीजीसीएचे सीएआर, म्हणजे तपशीलवार नियम. पार्ट आणि त्यांच्या मान्यतेसाठी सीएआर-२१, देखभाल संस्थेसाठी सीएआर-१४५, विमान सतत उडण्यायोग्य ठेवण्यासाठी सीएआर-एम, लायसनसाठी सीएआर-६६. ही चार नावं पाठच करा.

दुसरी पायरी: 'मालकानं बनवलेला पार्ट' म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

ही कल्पना अमेरिकेतली, म्हणून आधी तिथलं सांगतो. माझा भाचा तिकडं असतो. त्यानं दोन मित्रांबरोबर एक जुनं सेसना १७२ घेतलंय. दीड-दोन वर्षांपूर्वी रात्री फोन आला. "मामा, इंजिनच्या बॅफलचा एक ब्रॅकेट तुटलाय. नवा मिळेना. आपल्या उद्यमनगरातून एक काढून पाठवा की." (बॅफल म्हणजे इंजिनवरची हवा वळवणारा पत्रा.) मी तो ब्रॅकेट पाठवला नाही. का पाठवला नाही ते कळलं की अर्धा विषय कळला.

एफएएच्या नियमावलीच्या २१ व्या भागात २१.९ म्हणून कलम आहे. त्याचा गाभा असा: विमानात बसवायचा पार्ट हा मान्यता घेऊन बनवलेला असावा. म्हणजे मूळ विमान कंपनीचा, किंवा पीएमए (पार्ट बनवायची मान्यता) घेतलेल्या दुसऱ्या उत्पादकाचा, किंवा टीएसओखाली (ठरावीक उपकरणांसाठीच्या एफएएच्या मानकाखाली) बनलेला. नटबोल्टसारखे ठरलेल्या स्पेसिफिकेशनचे स्टँडर्ड पार्ट चालतात. आणि याच यादीत एक ओळ अशी आहे की मालकानं किंवा चालवणाऱ्यानं स्वतःच्याच विमानाच्या देखभालीसाठी किंवा बदलासाठी बनवलेला पार्टही चालतो. पूर्वी हाच अपवाद २१.३०३ मध्ये होता.

आता मालक म्हणजे डॉक्टर, वकील, शेतकरी कुणीही असू शकतो. त्यानं स्वतः लेथ चालवायलाच पाहिजे का? नाही. एफएएच्या कायदा विभागानं १९९३ च्या ऑगस्टमध्ये एका पत्रात याचा खुलासा केला. मालकाचा सहभाग दिसायला पाहिजे, आणि तो पाच प्रकारे दिसू शकतो: त्यानं डिझाइन किंवा पार्टनं काय काम करावं याची माहिती पुरवली, त्यानं माल पुरवला, बनवायची पद्धत ठरवून दिली, तपासणीची पद्धत ठरवून दिली, किंवा काम चालू असताना स्वतः देखरेख केली. यांतलं एक जरी खरोखर झालं असेल तरी तो पार्ट मालकानं बनवलेला धरता येतो. तुटका नमुना देऊन 'याबरहुकूम बनव' म्हणणंही डिझाइन पुरवण्यात मोडू शकतं, असं ते पत्र म्हणतं. पण नुसती ऑर्डर देणं म्हणजे सहभाग नव्हे, हेही तिथंच आहे.

लोक इथं एक घोटाळा करतात. सहभाग दाखवला की पार्ट मान्य झाला, असं समजतात. सहभागानं फक्त 'बनवणारा कोण' याचं उत्तर मिळतं. पार्ट मूळ डिझाइनशी जुळतोय, त्याच ताकदीचा आहे, त्याचा कागद आहे, हे सगळं वेगळं सिद्ध करावंच लागतं. आणि ते सिद्ध करायची जबाबदारी आता मालकाच्या गळ्यात पडलेली असते, कारण कागदोपत्री कारखानदार तोच झाला.

म्हणून भाच्याला म्हटलं, "मी कोल्हापुरात बसून पत्रा कापणार, तू तिकडं उघडून बघणार. त्यातलं तू काय केलंस म्हणून लिहिणार? तुझ्या गावातला पत्र्याचं काम करणारा शोध, माल तू सर्टिफिकेटसह आण, ड्रॉइंग तू काढ, आणि सगळ्यात आधी तुझ्या मेकॅनिकला विचार. त्याची सही होणार नसेल तर पत्र्याला हातच लावू नको." त्याला थोडा राग आला. दोन आठवड्यांनी त्यानं स्वतः बनवलेल्या ब्रॅकेटचा फोटो पाठवला. तो तिसरा नग होता. पहिले दोन का गेले ते पुढं येईल.

आणखी एक मर्यादा इथंच सांगून टाकतो. हा पार्ट फक्त स्वतःच्या विमानासाठी. शेजारच्या हँगरवाल्यानं मागितला म्हणून आणखी दोन काढून विकले, की तुम्ही विनापरवाना कारखाना उघडलात. विमानाला बसलेला असताना विमान विकलं तर पार्ट त्याच्याबरोबर जातो, ते चालतं.

तिसरी पायरी: व्हीटी असेल तर रस्ता वेगळा धरा

अमेरिकेतला हा मालकाचा अपवाद भारतीय नोंदणीच्या विमानाला आपोआप लागू होत नाही. माझ्या बुशची गाडी इथंच घसरली होती. इथं पार्ट आत येतो तो कागदाच्या हातात हात घालून. डीजीसीएनं मान्यता दिलेल्या संस्थेकडून आला तर सीए फॉर्म १ (पार्ट वापरण्यायोग्य असल्याचा दाखला), परदेशातून आला तर त्याच्या तोडीचा कागद, म्हणजे अमेरिकेचा ८१३०-३ किंवा युरोपचा ईएएसए फॉर्म १. नटबोल्ट असतील तर ते अमुक स्पेसिफिकेशनचे आहेत असं सांगणारं सर्टिफिकेट. पत्रा, पट्टी, रॉड असेल तर त्याचंही तसंच.

म्हणजे इथं कुणी काही बनवतच नाही का? बनवतात. युरोपच्या धर्तीवर बेतलेल्या सीएआर-१४५ मध्ये एक खिडकी ठेवलेली आहे. मान्यताप्राप्त देखभाल संस्था तिच्याकडे चालू असलेल्या कामात वापरण्यासाठी, तिच्याच जागेत, मर्यादित प्रकारचे पार्ट बनवू शकते. बुश, स्लीव्ह, शिम, कंट्रोल केबल, पाइप, वायरिंगचे हार्नेस, दुरुस्तीचे पत्र्याचे पॅनेल असल्या वस्तू. अट अशी की ती पद्धत संस्थेच्या मान्य केलेल्या पुस्तकात, म्हणजे एक्स्पोझिशनमध्ये, लिहिलेली असली पाहिजे, आणि ड्रॉइंगपासून तपासणीपर्यंतची माहिती मान्य स्रोतातली पाहिजे. असा पार्ट बाहेर विकता येत नाही.

बघा, माझा बुश याच खिडकीतून रीतसर येऊ शकला असता. संस्था तीच, मशीन जवळजवळ तसंच, माणूसही मीच. फरक एवढाच की तो संस्थेनं बनवला असता, एका पोरानं सुट्टीत घरी नव्हे.

उद्यमनगरातल्या मित्रांसाठी: एखादी फ्लाइंग स्कूल तुमच्याकडे जॉब घेऊन आली तर आणणाऱ्या माणसाशी बोलू नका, त्यांच्या क्वालिटी मॅनेजरशी बोला. तुम्ही त्यांच्या साखळीत बसता की नाही, तुमचं मशीन आणि मोजमापाची हत्यारं ते तपासणार का, कुठल्या कागदावर काम येणार, हे तोंडी नको, लेखी घ्या. "अहो काका, एक बारका बुश तर हाय" असं म्हणत खिशातून नग काढणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा. वडील हयात असते तर त्यांना हे सांगणं मला जड गेलं असतं, पण सांगितलं असतं.

युरोपात तिसरीच तऱ्हा आहे. तिथं बाराशे किलोच्या आतल्या छोट्या विमानांसाठी, आयुष्य ठरवून न दिलेले, मुख्य सांगाड्यातले नसलेले आणि कंट्रोलमधले नसलेले काही पार्ट फॉर्म १ शिवाय मालक आपल्या जबाबदारीवर स्वीकारू शकतो. एवढं माहीत असू द्या.

चौथी पायरी: नकार कधी द्यायचा ते आधी ठरवा

अमेरिकेतला तो अपवाद कागदावर पार्टांत भेदभाव करत नाही. पण माणसानं करावा. माझी स्वतःची यादी अशी: प्रोपेलर, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पंखाचा स्पार (आतला मुख्य दांडा), लँडिंग गिअरचं फोर्जिंग (ठोकून घडवलेला भाग), कंट्रोलच्या बिजागऱ्या, आणि ज्याला तासांची किंवा फेऱ्यांची मुदत घालून दिलीय असा कुठलाही पार्ट. यांना हात लावायचा नाही.

कोल्हापूरकरांना यात एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण आपण फाउंड्रीवाले. आपल्याकडे कास्टिंग इतकं चांगलं होतं की कुठल्याही वस्तूकडे बघून आपण मनात पॅटर्न बनवायला लागतो. पण फोर्जिंगमध्ये धातूचे तंतू पार्टच्या आकाराबरोबर वळलेले असतात. तोच आकार कास्टिंगमध्ये ओतला, किंवा सरळ बारमधून मिलिंग करून काढला, तर दिसायला जुळा भाऊ, पण तंतूंची वाट तुटलेली. एकदा ओढून बघितलं तर कदाचित टिकेलही. लाखो थरथरींनंतर चीर कुठून सुरू होईल ते सांगता येत नाही. म्हणूनच विमानाच्या डिझाइन नियमांत कास्टिंगसाठी ताकदीचा वाढीव गुणांक आणि जादा तपासणी मागतात. मूळ पार्ट कसा बनला होता, हे माप घेण्याआधी शोधा.

आणि बारक्या वस्तूला बारकं समजू नका. ८ सप्टेंबर १९८९ ला डेन्मार्कजवळच्या समुद्रात पार्टनेअर कंपनीचं कॉनव्हेअर ५८० पडलं, ५५ माणसं गेली. चौकशीत निघालं की शेपटीचा उभा पंखा धरून ठेवणाऱ्या पिना आणि स्लीव्हमध्ये काही बनावट होत्या, लागेल तेवढा कडकपणा त्यांत नव्हता. कुणीतरी त्या लेथवरच काढल्या असणार, आणि जागेवर त्या बसल्याही होत्या.

पाचवी पायरी: तुटका नमुना हे ड्रॉइंग नव्हे

झिजलेल्या बुशचं माप घेतलंत तर मिळतं ते झिजलेलं माप. त्यावरून तंतोतंत नग काढला तर तुम्ही नवाकोरा झिजलेला बुश बनवलात. हसू नका, मी तेच केलं होतं.

शिवाय नमुना तुम्हाला काय सांगत नाही ते बघा. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती होता, धातू कुठला, हीट ट्रीटमेंट काय, बसवताना प्रेस फिट (दाबून घट्ट) की रनिंग फिट (मोकळा फिरणारा), वरचा लेप कशाचा. पार्ट्स कॅटलॉगमधलं चित्रही ड्रॉइंग नव्हे, त्यातून फक्त नंबर आणि जागा कळते. आधी मेंटेनन्स मॅन्युअल आणि स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल उघडा. बऱ्याचदा झिजेची मर्यादा, बुशचा धातू, फिट हे तिथंच लिहिलेलं असतं आणि बाकीची धडपड वाचते. शिकण्यासाठी एफएएचं एसी ४३.१३-१बी हे पुस्तक फार उपयोगी. पत्रा, रिव्हेट, केबल, लाकूड, कापड, सगळं त्यात आहे. आपल्याकडे आधी मूळ कंपनीचं मॅन्युअल, मग बाकीचं.

जुन्या विमानांसाठी एफएएनं २००९ मध्ये एसी २३-२७ हे सल्लापत्रक काढलं. १९८० च्या आधी टाइप सर्टिफिकेट (मॉडेलच्या डिझाइनची मान्यता) मिळालेल्या छोट्या विमानांना पार्ट आणि मालाचा पर्याय कसा शोधावा, त्यासाठी ते आहे. भाच्याचं १७२ त्यात बसतं, कारण त्या मॉडेलची मान्यता पन्नासच्या दशकातली.

सहावी पायरी: माल कागदासह घ्या

दुकानात "अॅल्युमिनियम पत्रा द्या" म्हटलं की मिळतो तो बहुधा ११०० किंवा त्याच्या आसपासचा मऊ पत्रा. साइनबोर्डाला उत्तम. ११००-एच१४ ची ताणताकद साधारण १२५ मेगापास्कल. विमानात लागणाऱ्या २०२४-टी३ ची सुमारे ४८०. म्हणजे जवळपास चौपट. ६०६१-टी६ मधे कुठेतरी, ३१० च्या घरात. दिसायला तिन्ही पत्रे सारखेच पांढरे. भाच्याचा पहिला नग इथंच गेला: घरं दुरुस्त करायच्या दुकानातून पत्रा आणला, मेकॅनिकनं सर्टिफिकेट मागितलं, नव्हतं.

हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक) असलेलं टेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि मालावरचा नंबर त्याच्याशी ताडून बघा. आपल्या फाउंड्रीवाल्यांना हे नवीन नाही. निर्यातीच्या जॉबला आपण हेच करतो. फरक असा की पत्रा कापल्यावर उरलेल्या तुकड्यावरही तो नंबर राहिला पाहिजे. नंबरचा कोपरा आधी कापून वापरला की उरलेली अख्खी शीट अनाथ.

बोल्टाबद्दल थोडं, कारण आपल्या सुताच्या भाषेत ते फार पटकन कळतं. आठ सुतांचा इंच. एएन बोल्टाचा, म्हणजे विमानाच्या स्टँडर्ड बोल्टाचा, पहिला आकडा म्हणजे जाडी, अर्ध्या सुतांत मोजलेली: एएन३ म्हणजे दीड सूत, एएन४ म्हणजे दोन सूत. डॅशनंतरचा आकडा म्हणजे लांबी सुतांत, ढोबळमानानं: डॅश ७ म्हणजे सात सूत. मग ८ आणि ९ नसतातच. डॅश १० म्हणजे एक इंच, डॅश ११ म्हणजे एक इंच एक सूत. शेवटी 'ए' असेल तर कॉटर पिनचं भोक नाही. डोक्यावर फुलीसारखी खूण. या बोल्टाची ताणताकद सव्वा लाख पीएसआय (चौरस इंचाला पौंड). बाजारातला ग्रेड ८ चा बोल्ट दीड लाखाचा असतो, म्हणून कुणीतरी हमखास म्हणतो, "जास्त ताकदीचा लावतो की, बिघडलं कुठं?" बिघडतं ते असं की एएन बोल्ट तुटण्याआधी वाकतो, ताणतो, सूचना देतो. आणि तो दुसरा बोल्ट कुठल्या लॉटचा, कुणी तपासला, हे कुणालाच ठाऊक नसतं.

सातवी पायरी: आता पत्रा हातात घ्या

भाच्याचाच ब्रॅकेट उदाहरणाला धरू. एल आकाराची पट्टी, जाडी एक मिलिमीटरच्या आत, एका बाजूला दोन रिव्हेट, दुसरीकडं एक बोल्टाचं भोक. इंजिनच्या सिलिंडरवरून थंड हवा वळवणाऱ्या पत्र्यांना, म्हणजे बॅफलला, ती धरून ठेवते. ही पट्टी तुटली की बॅफल हलतो, फटीतून हवा निसटते, सिलिंडर तापतो. एवढीशी पट्टी.

खुणा करायला शिसपेन्सिल घेऊ नका. ग्राफाइट आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की ओलाव्यात गंज धरतो, आणि आपल्या जून-जुलैच्या हवेत ओलाव्याची कमतरता नसते. बारीक मार्कर वापरा. खरवडणीनं रेघ मारायचीच तर ती कापायच्या रेषेवर, वाकवायच्या रेषेवर कधीच नाही. खरवडलेली रेघ म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण.

पत्र्याला दिशा असते. रोलिंग झालेल्या दिशेनं दाणा पसरलेला असतो. पत्र्यावरची छापील अक्षरं साधारणपणे त्याच दिशेनं धावतात. वाकवायची रेषा त्या दिशेला आडवी घ्या. भाच्याचा दुसरा नग इथं गेला: तुकडा वाचवायला त्यानं पट्टी उभी कापली, वाकवली, आणि भिंगाखाली बाहेरच्या कडेला केसासारख्या रेघा दिसल्या. तो म्हणाला, रंग लावला की दिसणार नाहीत. मी म्हटलं, म्हणूनच रंगाच्या आधी बघायचं.

वाकवताना आतली गोलाई ठेवा. २०२४-टी३ ला ती पत्र्याच्या जाडीच्या साधारण तिप्पट-चौपट धरतात, नेमका आकडा तक्त्यातून घ्या. पत्र्याच्या कामात काटकोन धारदार आला की आपल्याकडे शाबासकी मिळते. इथं तोच नापास होतो. व्हाइसच्या जबड्यात थेट धरून हातोडी मारू नका, गोल कडेचा ठोकळा बसवा.

भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान रिव्हेटच्या जाडीच्या दुप्पट अंतर, आणि दोन रिव्हेटमध्ये निदान तिप्पट. भोक आधी बारीक पाडून मग मापाला आणा. दोन्ही बाजूंची बर (कडेला उरलेली खरबरीत धार) काढा, आणि कडा बोटानं फिरवून बघा, नख अडकलं तर अजून काम आहे. स्टील वूल वापरू नका, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात.

रिव्हेट एडी प्रकारचा असेल तर डोक्यावर बारीक खळगा दिसतो. एडी४ म्हणजे चार बत्तिसांश इंच, आपला एक सूत. लांबी जोडाच्या जाडीपेक्षा दीडपट व्यासानं जास्त. ठोकल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याएवढं उंच. तिरकं बसलं तर काढून नवं. दुकानातला पॉप रिव्हेट इथं चालत नाही, मग तो कितीही घट्ट वाटो.

आठवी पायरी: लेप

स्टीलचा कडक पार्ट प्लेटिंगला देणार असाल तर सावध. प्लेटिंगच्या टाकीत स्टील हायड्रोजन पितं आणि नंतर, कधीकधी काही दिवसांनी, काचेसारखं तडकतं. त्यासाठी प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत १९० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत ठेवावं लागतं. तुमचा प्लेटिंगवाला "ते काय असतंय?" म्हणाला तर पार्ट परत घ्या.

नववी पायरी: फाइल आधी, फिटिंग नंतर

एका पार्टाला एक फाइल. तिच्यात ड्रॉइंग किंवा मॅन्युअलचं पान, मालाचं सर्टिफिकेट, कुणी काय आणि कधी केलं, मोजलेली मापं (फक्त 'ओके' नव्हे, आकडे), मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची तारीख, लेपाचा कागद. पार्टावर स्वतःचा नंबर घाला. मूळ कंपनीचा नंबर किंवा खूण त्यावर छापली की ती नक्कल झाली, आणि मग हेतू कितीही चांगला असला तरी तुम्ही खोटा माल बनवणाऱ्यांच्या रांगेत.

अमेरिकेत मालक हा पार्ट आपण २१.९ खाली बनवलाय असं लॉगबुकात लिहितो, आणि मेकॅनिक वेगळी नोंद करून विमान सेवेत परत देतो. त्याला पार्ट पटला नाही तर तो सही नाकारू शकतो, आणि मालकाचा सहभाग कितीही असो, त्याला कुणी भाग पाडू शकत नाही. भारतात संस्थेची वर्क ऑर्डर, टप्प्याटप्प्याची तपासणी, आणि अधिकार असलेल्या एएमईची सही.

नव्या एएमईंना एवढंच म्हणतो: घाईच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, विद्यार्थी खाली वाट बघत असताना कुणीतरी फाइलशिवाय पार्ट पुढं करेल. कॅटलॉगमध्ये नंबर बघायला म्हणून उठा आणि सावकाश चालत जा.

दहावी पायरी: उरलेल्या नगांचं काय

दोन नग बाद झाले, एक बसला, जुना तुटका हातात आहे. जुन्याला लाल टॅग लावा, नंबर लिहा, चौकशी लागली तर हाताशी राहू द्या. काम संपल्यावर बाद झालेले आणि जुने, दोन्ही करवतीनं कापा, असे की जोडता येऊ नयेत. भोकातून, वाकातून, नंबरावरून पातं न्या. आपल्याकडे भंगारवाल्याच्या गोणीतून वस्तू परत दुकानाच्या फळीवर यायला वेळ लागत नाही.

माझा गनमेटलचा बुश साहेबांनी डब्यात टाकला, पण संध्याकाळी तो परत काढून व्हाइसमध्ये धरला आणि करवत माझ्या हातात दिली. "उभा काप," म्हणाले, "आडवा कापलास तर कुणीतरी दोन बारके बुश करेल."